माझी माणसं खाली आली

दादा वारल्यावर त्याची ऑफिसची किल्ली माझ्याकडे राहिली होती. ती परत द्यायला मी विजेच्या सबस्टेशनवर गेलो. दिवसा गेलो असतो तर त्याच्या ऑफिसातल्या प्रत्येकानं थांबवून विचारपूस केली असती. म्हणून अंधार पडल्यावर गेलो.

रात्रपाळीला ऑपरेटर काका होते. म्हातारा माणूस, निवृत्तीला टेकलेला. कंट्रोल रूममध्ये तांबडे-हिरवे दिवे आणि भिंतीला टेकून बसलेली दोन तरुण लाईनमन पोरं. बाहेर ट्रान्सफॉर्मरची एकसारखी घरघर चालली होती. काकांनी किल्ली ड्रॉवरमध्ये टाकली.

"बस धाकट्या. चहा घे."

"नको. जातो घरी."

"घरी जाऊन काय करशील? झोप लागते का?"

लागत नव्हती. बसलो, आणि उगाचच भडकलो. "काका, दादाला शेवटी शेवटी घरी का बसवलं होतं? मला कुणी सांगत नाही. सगळ्यांना वाटतं, सातवीत शाळा सोडलेल्याला काय कळणार."

पोरांपैकी एक जण उठायला लागला. काका त्याला म्हणाले, "बस रे. तुझ्याशिवाय गोष्ट पुरी होत नाही." मग माझ्याकडे वळले. "माझ्या ओळखीचे एक साहेब होते. इंजिनिअर. त्यांचं सांगतो."

"नाव घ्या की सरळ."

"नाव घेतलं की गोष्ट राहत नाही, चौकशी होते. ऐकायचं तर ऐक."

मी खुर्ची पुढं ओढली.

"त्या साहेबांचं काम काय, तर लाईट जाऊ द्यायची नाही. गेलीच तर लवकर आणायची. अर्ध्या तासात आली तर कुणी विचारत नाही. त्याच्या वर गेली की वरच्या ऑफिसात जाब द्यावा लागतो. साहेब जीव टाकायचे कामावर. जेवताना बल्ब लुकलुकला तरी हातातला घास खाली ठेवायचे."

मला हसू आलं. हे खरं होतं. वहिनी म्हणायची, माझ्याऐवजी बल्बशीच लग्न करायचं होतं.

"आमच्यात एक रीत आहे," काका म्हणाले. "खांबावर चढायच्या आधी लाईनमन ऑपरेटरकडून लाईन बंद करून घेतो. काम झालं की त्यानंच परत यायचं आणि स्वतःच्या तोंडानं सांगायचं, माझी माणसं खाली आली. मगच लाईन चालू. दुसऱ्या कुणी सांगितलेलं चालत नाही. राजा आला तरी चालत नाही.

"आमच्याकडे एक लाईनमन होता. लांब टांगा, लांब हात. बगळा म्हणायचे सगळे. मागच्या वर्षी एका संध्याकाळी त्यानं माझ्याकडून रीतसर लाईन बंद करून घेतली आणि चढला. अर्धा तास भरत आला. ठेकेदाराच्या माणसाचा फोन आला, झालं काम, सगळे उतरले. साहेब माझ्या मागं उभे. मी म्हटलं, बगळा आलेला नाही अजून. साहेब म्हणाले, काका, मी सांगतोय ना, चालू करा."

काकांनी कप खाली ठेवला.

"बगळा वरच होता."

पोरं जमिनीकडे बघत होती.

"चौकशीत साहेबांनी सांगितलं, तो न विचारता चढला. मेलेला माणूस काय बोलणार, आणि मीही बोललो नाही. मग बगळ्याची बायको आली. या दारात उभी राहिली. तिनं दुसरं काही मागितलं नाही. म्हणाली, साहेब, आमचा मुलगा विचारतो, बाबा स्वतःच्या चुकीनं गेले का? तुम्ही सांगा, ते खरंच न विचारता चढले होते? साहेब तिच्याकडे न बघता म्हणाले, हो."

"खोटं आहे," मी म्हणालो. "दादा असं..."

"मी दादाचं नाव घेतलं का?"

माझे कान तापले होते.

"आता त्या रात्रीचं ऐक. जानेवारीतला शेवटचा मंगळवार. दीड वाजून गेलेला. वारा सुटलेला. तीच लाईन गेली, गावाच्या रस्त्यावरची. फांदी पडली होती. ही दोन पोरं गेली तोडायला. साहेब घरून धावत आले, स्वेटर उलटा घातलेला. इथं येरझाऱ्या घालत होते. अर्धा तास भरत आला आणि ठेकेदाराच्या माणसाचा फोन आला. झालं, उतरले."

"आणि दादानं..." माझ्या तोंडून निघून गेलं.

"साहेबांनी घड्याळ बघितलं. मग माझ्याकडे. त्यांना आठवत नव्हतं असं नाही. पण सवय वाईट. म्हणाले, करा चालू.

"मी केली. धाडकन आपोआप परत बंद पडली. पुन्हा केली, पुन्हा पडली. तिसऱ्यांदाही तेच. लाईन उभीच राहीना. असं बहुतेक वर साखळी राहिली की होतं. काम करताना वर तारांना साखळी लावून ती जमिनीला जोडतात, म्हणजे चुकून कुणी चालू केलं तरी वरचा माणूस वाचतो. साहेब म्हणाले, पोरं साखळी काढायला विसरली वाटतं. टॉर्च घेतली आणि एकटेच गेले. मी इथं. फोन कानाला.

"रस्त्यावर गाडी थांबल्याचं ऐकू आलं. मग पावलं. मग साहेबांचा आवाज. काका, बंदच ठेवा. पोरगा वर आहे."

काकांनी मघाशी उठू बघणाऱ्या पोराकडे बोट केलं. "हा. ठेकेदाराच्या माणसानं दुसऱ्याला उतरताना बघितलं आणि फोन केला. हा वरच, दुसरी फांदी सोडवत."

पोरानं पाय जवळ ओढून घेतले.

"मी म्हटलं, बरं झालं साखळी होती. साहेब म्हणाले, काका... साखळी इथं पोरांच्या गाडीत आहे. यांनी लावलीच नव्हती.

"मग बराच वेळ नुसता वारा.

"मी म्हटलं, साहेब?

"मी परत हाक मारली.

"साहेब?

"हळूच म्हणाले... काका, वर दोघं आहेत.

"मी विचारलं, दुसरा पोरगा? म्हणाले, नाही. तो माझ्या शेजारी उभा आहे. हा वेगळा... वरच्या आडव्या पट्टीवर बसलाय... पाय खाली सोडलेत... लांब आहेत... तारा हातात धरून बसलाय. तिन्ही तारा.

"मी म्हटलं, साहेब, निघा तिथून.

"म्हणाले... माझ्याकडे बघतसुद्धा नाही."

बाहेर ट्रान्सफॉर्मर घरघरत होता. काकांनी पोराला विचारलं, "तुला काय वाटलं होतं रे वर?"

"काही दिसलं नाही," पोरगा म्हणाला. "उतरताना वरून कुणीतरी म्हणालं, सावकाश. बस."

"पोरगा उतरला. मग फोनवर मला साहेबांचं ओरडणं ऐकू आलं. वर तोंड करून ओरडत होते. तू विचारून चढला होतास. चालू मी करायला लावलं. मी खोटं बोललो. आता उतर. परत परत तेच. उतर. उतर रे..."

पुढचं काकांनी थोडक्यात सांगितलं. दुसऱ्या दिवशी साहेब बगळ्याच्या घरी गेले. खरं काय ते बायकोला सांगितलं, मुलाला सांगितलं. तिनं दार लावून घेतलं. वरच्या ऑफिसातही सांगितलं. तिथून घरी बसवलं.

"त्यानंतर रोज संध्याकाळी त्या खांबाखाली जाऊन उभे राहायचे," काका म्हणाले. घरी दादा म्हणायचा, फिरून येतो. "मी एकदा म्हटलं, साहेब, सगळं कबूल केलंत, आता काय राहिलं? म्हणाले, काका, मी लाईन चालू करायला सांगितली म्हणजे माझी माणसं खाली आली असं मीच म्हणालो ना? तो अजून खाली आलेला नाही."

मग तो पोरगाच बोलला, माझ्याकडे न बघता.

"साहेब गेले त्याच्या आदल्या दिवशी आम्ही त्या खांबाला रुपेरी रंग मारला. सकाळी गेलो तर ओला रंग पार वरपर्यंत पुसलेला. कुणीतरी चढलं होतं रात्री."

"गावातलं कुणी चढलं असेल," काका म्हणाले. "साहेबांना कुठं चढता येत होतं. शिडीवर सुद्धा पाय कापायचे."

मी उठलो आणि घरी आलो. त्यांना काही सांगितलं नाही. वहिनीलाही सांगितलेलं नाही.

दादा गेला त्या रात्री त्याच्या छातीत दुखत होतं म्हणून मी त्याच्या खोलीत खाली झोपलो होतो. दाराची कडी मीच आतून लावली होती. सकाळी ती तशीच होती. दादा कुशीवर, शांत. डॉक्टर म्हणाले, झोपेतच हृदय थांबलं.

अंघोळ मी एकट्यानं घातली. त्याच्या तळहातांना आणि तळपायांना रुपेरी रंग होता. मी साबणानं घासत राहिलो. मग त्याला कुशीवर वळवलं.

पाठीवर, जिथं स्वतःचा हात पोचत नाही तिथं, ओल्या रंगात उमटलेला एक पंजा होता. घट्ट धरून ठेवल्यासारखा. मी त्यावर माझा हात ठेवून बघितला, मग दादाचा. त्या पंज्याची बोटं आमच्या दोघांपेक्षाही खूप लांब होती.