सही मागणारं भूत

"चला, माघारी फिरू!" ज्ञानू कुजबुजला.

दिवाळीची सुट्टी, उजाडलेली सकाळ. पण वेल्ह्याच्या देवराईत धुकं असं दाटलेलं की पुढच्या अमजदची नुसती टोपी दिसत होती. पाखरू बोलत नव्हतं. आणि ज्याचा छडा लावायला ही तिघं आली होती, तो कालचाच आवाज पुन्हा घुमला.

"कुंडलिऽऽक! चेकांवर दुसरी सही कर! शेंदराच्या दगडापाशी ठेव! न्हाईतर बोट बुडंऽऽल!"

ठकूच्या अंगावर सर्रकन काटा आला. कुंडलिक तिचा मामा. उद्या तो सुतारकामाला बोटीनं आफ्रिकेत मोंबासाला निघणार होता. जमीन विकून आलेल्या साऱ्या पैशांचे त्यानं मुंबईच्या बँकेतून प्रवासी चेक घेतले होते. ते गेले तर परक्या मुलखात उपाशी मरायची पाळी! आणि काल साऱ्या गावासोबत तो आवाज ऐकून घाबरलेला मामा घरी चक्क दौत-टाक घेऊन बसला होता!

"पळा!" ज्ञानूनं तिचा हात ओढला.

"थांब रं! देव नारळ मागतो, कोंबडं मागतो. सही कशाला मागंल?"

"शिकलेलं भूत असंल!" अमजद म्हणाला.

"लई शिकलेलं! बँकेतल्या सायबानं मामाला बजावलंय, एक सही हितं, दुसरी मोंबासातल्या सायबाच्या समोर. दोन्ही आधीच केल्या, तर चेक कुणीबी वठवील! ह्या भुताला हे कुणी सांगितलं?"

बँकेत मामासोबत एकच माणूस होता. बोटीचं तिकीट काढून देणारा चिमाजी!

ठकूनं मामाचा रुमाल पळवून आणला. त्यात जुनं वर्तमानपत्र गुंडाळलं आणि वर खाजकुयलीच्या शेंगा मनसोक्त झटकल्या. पुडकं दगडावर ठेवून पोरं झाडामागं दडली. अमजदनं मामाचा आवाज काढला, "देवा, केली बगा सही! बोट बुडवू नगा!"

पाचोळा वाजला. चर्र... चर्र... धुक्यातून कुणीतरी आलं. धडावर डोकंच नव्हतं! त्या जागी तांबूस, गोल, चकाकणारं काहीतरी! ज्ञानूनं डोळे मिटून घेतले. लांब हात पुढं आला, रुमाल चाचपू लागला...

"आई गंऽऽ! मेलो!"

भूत थयथया नाचायला लागलं! डोक्यावरचा तांब्याचा हंडा ठणठणत उतारावर गेला, आणि आत कोण? चिमाजी!

आरडाओरडा ऐकून गाव धावलं. मामाच्या हातात टाक तसाच होता. चेकांवरची दुसऱ्या सहीची जागा मात्र अजून कोरी! त्यानं ठकूला उचलूनच घेतलं.

खाजवणाऱ्या चिमाजीकडं बघत म्हातारे गेनबा पाटील म्हणाले, "आमी समद्यांनी नुसते हात जोडले. ह्या पोरीनं भुताला सवाल टाकला! कुंडलिका, हिला संगट ने बाबा. तिकडं तुला फसवायला भूत लागायचं न्हाई, साधी माणसंबी पुरतील!"