ढिला स्क्रू

"तुमच्या दारातच निखळला... आता माणसं मोजू कशी?"

चष्म्याची एक काडी कानावर, दुसरी हातात आणि काखेत जनगणनेचे फॉर्म. आमच्या गल्लीच्या मोजणीला नेमलेली ही शाळेतली बाई आमच्या चष्म्याच्या दुकानात शिरली आणि मी उगाचच फडकं शोधायला लागले.

"स्क्रू पडलाय फक्त," मी म्हटलं. "बसा."

मी स्क्रू बसवेपर्यंत तिने आमचं घर लिहून घेतलं. माणसं दोन, मी आणि माझे वडील, आबा. मग यंदाचा नवा प्रश्न आला – मन कुणाकडे ओढतं? पुरुषांकडे, स्त्रियांकडे, दोघांकडे, की सांगायचं नाही? पलीकडे आबा काचा पुसत होते. कान अर्थात इकडेच.

"सांगायचं नाही." मी चष्मा तिच्यापुढे सरकवला.

"पेन्सिलीने लिहिते," ती हळूच म्हणाली. "शनिवारी पेनाने गिरवायचंय, तोवर बदलता येतं... मीसुद्धा माझ्या घरी हेच लिहिलंय."

तिने चष्मा चढवला आणि मला पहिल्यांदाच नीट पाहिलं. मी पुरती गारद झाले.

दुसऱ्या दिवशी स्क्रू पुन्हा ढिला. तिसऱ्या दिवशीही.

"नक्की कुठला स्क्रू ढिलाय तुमचा?" मी विचारलं.

"डोक्यातला असावा. या गल्लीत आलं की..." ती हसली. "इलाज आहे?"

"चष्म्याचा आहे."

खरं सांगायचं तर रोज अर्धा आटा मीच सैल ठेवत होते.

शनिवारी ती पेन घेऊन आली. "करू कायम?"

आबा समोरच होते. हे एक सोडून त्यांच्यापासून मी कधी काही लपवलं नव्हतं. त्यांचं तोंड उतरलेलं मला बघवलं नसतं. पण अख्खी गल्ली मोजली जाणार आणि त्यात मी मात्र असून नसल्यासारखी...

"खोडा ते," मी म्हटलं. "स्त्रियांकडे."

आबांनी मानही वर केली नाही. "लिहा, बाई. पोरगी रोज एकच स्क्रू पिळतेय. मला चष्मा लागलाय, दिसायचं बंद नाही झालं."

मला हसू आणि रडू एकदमच आलं.

"आणि तुमच्या घरचं उत्तर?" मी तिला विचारलं.

"बदललं. आज सकाळीच, पेनाने." तिने चष्मा काढून माझ्या हातात ठेवला, पण बोटं काही काढली नाहीत. "आता स्क्रू घट्ट करा... मी तशीही येणार आहे."