मंगळावर बसवलेल्या मेंढ्या

भौतिकशास्त्र विभागाच्या दाराशी मी चपला काढल्या आणि आतून कुणीतरी हसलं.

"देऊळ नाहीये हे. या तशाच!"

असा भेटला सार्थक. एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला, सिडकोत वाढलेला, बाहीवर खडूची धूळ. मी सृष्टी – एम.ए. मराठी, खुलताबादकडची, मेंढ्या राखणाऱ्या घरातली. मला विज्ञानकथेवर प्रबंधिका लिहायची होती आणि जोडीला स्वतःची एक कथा द्यायची होती. आमच्या सरांना तो सगळा पोरखेळ वाटत होता. "विज्ञानवाल्या कुणाकडून तरी कथा तपासून आण," ते म्हणाले होते. "सोमवारी सेमिनारमध्ये पटवून दे, नाहीतर ओव्यांवर लिही." ओव्या मलाही आवडतात, पण त्या आईच्या आहेत. ही कथा माझी होती.

"सर... आहेत का कुणी?"

"सगळे मीटिंगला. मी चालेन?"

मी नीट बघितलं. चालण्यासारखा होता.

तीन दिवसांनी कॅन्टीनमध्ये त्यानं कथा परत दिली. सोबत तीन पानं गणित!

"गोष्ट भारी आहे यार," तो चहा ढवळत म्हणाला, "पण एक घोळ आहे. तू लिहिलंस, मंगळावर शंभर मेंढ्या बसवल्या आणि तिथली माती जिवंत झाली. आता मेंढीचं वजन तिथं निम्म्याहून कमी. म्हणजे बसवली तरी जरा हलली की उडणार. पट्टा लागेल. त्या पट्ट्यावरचा ताण मी..."

"पट्टा कशाला?"

"म्हणजे... गणपती बसवतात तशाच बसवायच्या ना?"

मला असा ठसका लागला की शेजारच्या टेबलावरून पाणी आलं.

"अरे, मेंढ्या बसवणं म्हणजे कळप रात्री रानात मुक्कामाला ठेवायचा. लेंड्या पडतात, रानाला खत होतं. तुझे आजोबा वैजापूरला शेती करतात म्हणालास ना? विचार त्यांना."

"येतात तिथं मेंढ्या दरवर्षी..." त्याचे कान लाल झाले. "मला वाटायचं, दमतात म्हणून थांबतात. ती पानं फाड, प्लीज."

"नाय फाडणार."

सोमवारी सरांनी पहिलाच प्रश्न टाकला, "विज्ञानकथेतून विद्यापीठात काय शिकायचं?" पाठ केलेलं उत्तर ऐनवेळी दगा देऊन गेलं. मग मी पिशवीतून ती तीन पानं काढली आणि पट्ट्यासकट वाचून दाखवली. वर्ग खो-खो हसला. मागच्या दारात सार्थक मान खाली घालून उभा होता – हा कधी आला?

"हसा," मी म्हणाले, "पण मराठीतल्या एका शब्दापायी फिजिक्सचा पोरगा तीन पानं झिजला. मी त्याला मेंढ्या शिकवल्या. त्यानं मला सांगितलं, मंगळाच्या मातीतले विषारी क्षार आधी धुवावे लागतील. ही कथा नसती तर आम्ही एकमेकांच्या इमारतीत पाऊलसुद्धा टाकलं नसतं."

सरांनी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला.

"क्षार धुण्याचा प्रसंग कथेत घाल," ते म्हणाले. "विषय मंजूर."

बाहेर लिंबाखाली सार्थक थांबला होता. मी ती तीन पानं घडी घालून पुन्हा पिशवीत ठेवली.

"सगळ्यांसमोर इज्जत काढलीस माझी."

"व्हय. राग आला?"

"लई." पण हसत होता. मग एकदम गंभीर झाला. "सृष्टी, तू... माझ्या आयुष्यात बसशील – छे, पुन्हा चुकलं! मुक्कामाला येशील?"

मला त्याच्या मेंढीसारखं उडावंसं वाटलं. पण मी मेंढपाळाची लेक. माझा बाप रानात कळप घालण्याआधी जे विचारतो, तेच मी विचारलं.

"मुक्काम किती दिवसांचा?"

त्यानं खरोखर विचार केला. "कायमचा. आणि दिवस मंगळावरचे धरू. तिथला दिवस आपल्यापेक्षा चाळीसेक मिनिटांनी मोठा असतो."

"एवढ्या वेळात काय करायचं?"

"तुझ्या गोष्टी वाचायच्या. गणित न करता."

"नाय, गणित कर," मी त्याच्या बाहीवरचा खडू झटकत म्हणाले. "तुझं चुकलेलं गणितच तर मला आवडलं."