मूकपटातली बायको

विट्याच्या आमच्या कॉलेजात एक जुना मूकपट दाखवायचा होता. नवरा-बायकोच्या रुसव्याफुगव्याचा. त्यातल्या इंग्रजी पाट्या गावातल्या म्हाताऱ्यांना कोण वाचून दाखवणार? म्हणून माईकवरून मराठीत बोलायचं ठरलं. बायको मी. नवरा होणाऱ्या पोराचा आठवडा उरला असताना घसा बसला, आणि माझी मैत्रीण उत्कर्षा हिला होस्टेलवर भेटायला आलेला तिचा भाऊ रविराज आमच्या सरांच्या तावडीत सापडला.

"मला न्हाई जमायचं," तो म्हणाला.

"भांडाया तरी जमतं न्हवं?" मी विचारलं.

"तुमच्यासंगं?... शिकीन की."

मेला असा हसला, की मी कामातून गेले.

आठवडाभर तालमी चालल्या. तो कवठे महांकाळचा, पण कामाला कोइमतूरला, सोनं गाळायच्या दुकानात. कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी तो जाणार, ते थेट पुढच्या वर्षीच्या जत्रेला परत येणार, हे मला तालमीतच कळलं. मनातलं सांगायचं कसं? पडद्यावरच्या बायकोला निदान हक्काचा नवरा तरी होता.

कार्यक्रमाला हॉल गच्च भरला. मी पाटीवरच्यासारखी नवऱ्याला नावानं हाक मारली, तर लेकाचं काम बघायला गावाहून आलेली रविराजची आई, हरणाबाई, पुढच्या रांगेतून म्हणाली, "आगं, नवऱ्याचं नाव घेत्यात व्हय?"

सगळे हसले. मग मी 'आवं' म्हणायला लागले, आणि माझ्या प्रत्येक 'आवं'ला शेजारी रविराज अडखळायला लागला.

शेवटी नवरा पेटी उचलून निघतो. नेमका तिथंच लॅपटॉप अडकला. पडदा काळा झाला, माईक मात्र चालू होता. मी गप्प बसायला हवं होतं... पण तो उद्या जाणार होता.

"आवं... जाताय तर जावा. पर मला तुमची लय सवय झालीया. वरीसभर मी काय करू?"

रविराज पुढची पाटी शोधत काळ्या पडद्याकडे बघायला लागला.

"रव्या," हरणाबाई म्हणाली, "चित्र कवाच बंद पडलंय. पोरगी तुला इचारतीया. बोल की."

त्यानं हळूच माईक बंद केला. कानशिलं लाल झाली होती.

"जत्रेला येईन, तवा आईला घिऊन कोरेगावला, तुमच्या घरी येतो," तो म्हणाला. "तवर... थांबशील?"

"थांबीन."

हसायला गेले आणि रडूच आलं. सकाळी सहाची त्याची गाडी होती.