तिच्याच धड्यावरचं लाल बोट

त्या दिवसांत फोन दुपारपर्यंतच तग धरायचे. कॉलेजच्या वाचनालयात खिडकीपाशी प्लग एकच. तिनं कुणाचा तरी चार्जर उपटला, आपला खोचला.

"अहो मॅडम, तो माझा होता."

"नाव लिहिलंय का त्यावर?" म्हणत वळली, तर उंचाडा पोरगा, केस पावसानं चपटे, आणि हसतोय!

दुसऱ्याच दिवशी संख्याशास्त्राच्या बाईंनी गट पाडले आणि उंचाडा तिच्याच गटात. सगळा अभ्यास मोबाइलच्या अ‍ॅपवर. ज्यानं त्यानं आपला धडा बोलून त्यात ठेवायचा, बाकीच्यांनी ऐकायचा. कुणाला नाही कळलं तर 'समजलं नाही' दाबायचं, की धड्यावर लाल बोट उमटे. दाबणाऱ्याचं नाव दिसत नसे. मग तोच धडा पुन्हा, सोपा करून सांगायचा.

पोर हुशार, नाकावर माशी बसू द्यायची नाही. पण लाल बोट उमटे ते तिच्याच धड्यावर, दर वेळी एक. बाकीच्यांच्या रटाळ बडबडीला काही नाही! घरी भांडून ती शिक्षिका व्हायला निघालेली. आता वाटे, बाबा म्हणतात तेच खरं... आपल्याला सांगताच येत नाही.

उंचाडा मात्र रोज जिन्यात आडवा यायचा. "काल आवाज बसला होता तुझा. गरम पाणी घेतलंस?"

"तुला रे कशाला पंचायती?" ती फणकारायची, आणि कानाच्या पाळ्या उगाच तापायच्या.

तीन आठवडे गेले. एका सकाळी ती अर्ज घेऊन बाईंच्या खोलीकडे निघाली.

"कसला अर्ज?" जिन्यात उंचाड्यानं विचारलं.

"गट सोडतेय. शिक्षिका व्हायचंही सोडतेय. माझं कुणाला कळतच नाही."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "थांब... ते बटण मी दाबतो."

"काय?"

"दाबलं की तू पुन्हा सांगतेस. दुसऱ्यांदा सांगताना हळू बोलतेस, मधेच हसतेस... खोलीवर परतलो की माझ्याशी बोलायला कुणी नसतं गं."

"आणि मी उशीत तोंड खुपसून रडले, मेल्या! त्याचं काय?"

तो तिच्याआधी बाईंच्या खोलीत शिरला. बाहेर तिला सगळं ऐकू येत होतं. "तिचं पहिल्याच वेळी कळतं, बाई. ही माझी वही बघा, एकदा ऐकूनच सगळं उतरवलंय. लबाडी माझी... मला काढा, तिला नको."

बाईंनी त्याला खरंच दुसऱ्या गटात टाकलं. तो मान खाली घालून बाहेर आला. तिनं अर्जाचे चार तुकडे केले.

"आता माझे धडे कसे ऐकणार?"

"नाहीच ना ऐकता येणार..."

"शहाणाच आहेस! अ‍ॅपमधून गेलास, जगातून नाही. चार वाजता बागेतल्या बाकावर ये. समोर बसून ऐकायची छाती आहे ना?"

"आहे," तो म्हणाला.

ते अ‍ॅप पुढं बंद पडलं, आणि तिचे सगळे धडेही गेले. आता तिच्या वर्गात साठ पोरं बसतात. ती दमून घरी येते, चपला काढते. उंचाडा सगळी कामं टाकून समोर येऊन बसतो.

"हं... आज काय शिकवलंस?"