ओलं वार्निश

दार लोटून घे, टेसा, वारा आत येतोय. आणि त्या घोंगडीखाली काय आहे ते बघायची घाई नको. सांगून झालं की मीच काढायला सांगेन. दिवसभर बाजारात हिंडून तुम्ही पोरांनी जुगाराच्या जुन्या स्लॉट मशीनांवर भरपूर अक्कल पाजळलीत, आता थोडं म्हाताऱ्याचं ऐका. ही काही ऐकीव गोष्ट नाही. ज्याच्यावर बेतली तो माझ्या रोजच्या बसण्याउठण्यातला होता.

डेल्बर्ट रेनफ्रो त्याचं नाव. इथेच हॉथॉर्नमध्ये, पाण्याच्या टाकीमागच्या गल्लीत राहायचा. जुनं मशीन ओळखण्यात त्याच्या तोडीचा माणूस अख्ख्या नेवाडात नव्हता. मीही याच धंद्यातला, त्यामुळे हे बोलताना आजही माझ्या पोटात जळतं. मशीनचं मागचं दार उघडायचं, आत टॉर्च मारायचा, नाक खुपसून वास घ्यायचा. मग मशीनच्या डोक्यावर हात ठेवून मालकासमोर एकच शब्द. अस्सल, नाहीतर नक्कल. कारण कुणी विचारायचं नाही. आणि दुसरा नियम तुम्हाला ठाऊक आहेच, तरी आज तो डोक्यात ठेवा. जो ओळखायला जातो, तो ते मशीन स्वतः घेत नाही. नाहीतर खरं कोण बोलेल?

आता रॉईस हॅडली. हा गोल्डफील्डचा. डेल्बर्टचा जुना दोस्त आणि डेल्बर्टच्या पोटातलं जुनं दुखणं. तरुणपणी दोघांना एकाच दिवशी खबर लागली होती की टोनोपाहच्या एका बंद पडलेल्या दारूच्या गुत्त्याच्या तळघरात काहीतरी पडलंय. डेल्बर्ट वाटेत अंडी खायला थांबला. रॉईस उपाशी गेला आणि मशीन घेऊन आला. ओकची पेटी, पुढे वेलबुट्टीचं ओतीव लोखंड, पाच सेंटचं नाणं टाकून दांडा ओढला की फिरणारी तीन चाकं. अगदी सुरुवातीच्या काळातलं. तसं दुसरं आमच्यापैकी कुणी पाहिलं नव्हतं. डेल्बर्टने पुन्हा जन्मात अंडं खाल्लं नाही.

रॉईसही काही कमी नव्हता. दर हिवाळ्यात डेल्बर्टला जेवायला बोलवायचा, व्हिस्की ओतायचा आणि मुद्दाम त्या मशीनसमोर बसवायचा. "बघ. नुसतं बघ," म्हणायचा. हात लावायचा नाही, मागचं दार उघडायचं नाही, दांडा ओढायची तर बातच सोडा. रॉईसच्या उजव्या हाताचं, अंगठ्याशेजारचं पहिलं बोट अर्धंच होतं. एका मशीनच्या स्प्रिंगने तोडलेलं. त्या अर्ध्या बोटाने तो मशीनच्या डोक्यावर टकटक करत बसायचा आणि डेल्बर्टचं तोंड बघत हसायचा. त्याची बायको आर्डिथ म्हणायची, मला कुणी पळवून नेलं तर हा जेवण उरकून शोधायला निघेल, पण मशीनला कुणाचं बोट लागलं तर ताटावरून उठेल.

चौदा वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात रॉईस झोपेतच गेला. नोव्हेंबरात आर्डिथचा डेल्बर्टला फोन आला. ती बहिणीकडे रीनोला राहायला चालली होती. गावातल्या संग्रहालयाला ते मशीन हवं होतं, काचेच्या कपाटात, खाली रॉईसचं नाव लिहून. पण त्यांना आधी डेल्बर्टचा शब्द हवा होता. तेवढं एक काम करून जा, म्हणाली.

थँक्सगिव्हिंगनंतरचा शनिवार होता. दुपारी डेल्बर्ट पिकअप घेऊन निघाला. पोचल्यावर आर्डिथने त्याला उरलेल्या टर्कीचं सँडविच दिलं, कॉफी दिली. मग आयुष्यात पहिल्यांदा त्याने त्या मशीनचं मागचं दार उघडलं.

सगळं जागच्या जागी होतं. लाकडावर ठोकलेला आकडा आणि लोखंडावरचा आकडा एकच. स्क्रू सगळे एका खाचेचे, तेलाने काळे पडलेले. हजारो तळवे घासून दांड्याला चढलेली ती काळी चमक. डेल्बर्टने नंतर मला सांगितलं, "एल्डन, माझे डोळे भरून आले. आणि लगेच मत्सर उसळला." अस्सल म्हणावं तर ते काचेआड जाणार, कायमचं, रॉईसच्या नावाने. आणि ओळखायला आलेला माणूस म्हणून त्याला ते मागायचीही सोय नाही. मेला तरी रॉईस त्याला म्हणत होता, नुसतं बघ.

त्याने मशीनच्या डोक्यावर हात ठेवला.

"नक्कल," म्हणाला.

आर्डिथने कॉफीचा कप खाली ठेवला. मग तिने हळूच विचारलं, "रॉईसला माहीत होतं?"

"नसावं."

"बरं झालं गेला तो. हे ऐकून मेला असता." तिने डोळे पुसले. "घेऊन जा तूच. सुट्या भागांना तरी उपयोगी पडेल. मला हे डबडं डोळ्यांसमोर नको."

नकलेला नियम लागत नाही. दोघांनी मिळून मशीन उचललं, पिकअपच्या मागच्या भागात ठेवलं, वर घोंगडी टाकून दोरीने आवळलं. ती हीच घोंगडी. तो निघाला तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते. टोनोपाहपर्यंत गडी शीळ घालत होता.

टोनोपाहचे दिवे मागे पडले की तो रस्ता कसा आहे, तुम्हाला माहीत आहे. समोर गाडी नाही, मागे गाडी नाही. कोलडेलच्या त्या बंद पेट्रोल पंपापाशी त्याला मागून आवाज आला.

दांडा ओढल्याचा आवाज.

चाकं फिरली. टक... एक थांबलं. टक... दुसरं थांबलं.

तिसरं थांबेना.

त्याने गाडी बाजूला घेतली. उतरला. दोरी होती तशी आवळलेली. नाणं पडल्याशिवाय दांडा हलत नाही, आणि नाण्यांची नळी रिकामी होती, हे त्याने स्वतः पाहिलं होतं. त्याने घोंगडीवर हात ठेवला. खाली काहीतरी फिरत होतं. थरथर तळव्याला लागत होती.

तो पुन्हा गाडीत बसला. काच वर केली. रेडिओ लावला. रेडिओवर नुसती खरखर... आणि खरखरीखाली ते चाक.

मीना गेलं. लुनिंग गेलं. चाक फिरतंच.

मग मागच्या काचेवर टकटक झाली.

हळू. सावकाश. बोटाने करतात तशी.

त्याने आरशात पाहिलं नाही. आरसा हाताने वर वळवून ठेवला...

टकटक...

घरी पोचला. गाडी शेडमध्ये घेतली. इंजिन बंद केलं.

टक.

तिसरं थांबलं.

सकाळी मला त्याचा फोन. "ये. आत्ता ये." मी गेलो तर हा शेडच्या दाराबाहेर थंडीत बसलेला, आत जायला तयार नाही. मशीन मीच खाली उतरवलं, दार मीच उघडलं. आत सगळे फुलीच्या खाचेचे स्क्रू. नवे, चकचकीत. ते मशीन झालं तेव्हा असले स्क्रू जगात निघाले नव्हते. लोखंड दाणेदार, दुसऱ्यावरून साचा घेऊन ओतलेलं. असं ओतलेलं लोखंड थंड होताना आक्रसतं, म्हणून नक्कल केसभर लहान भरते. मी पट्टी लावून जुन्या कॅटलॉगातल्या मापाशी ताडलं. केसभर लहान. मागच्या दाराचं वार्निश तर ओलं होतं.

"डेल्बर्ट, ही नक्कल आहे," मी म्हणालो.

तेव्हा त्याने मला सगळं सांगितलं. सांगत होता तेवढ्यात आर्डिथचा फोन आला. ती चिडलेली होती. नको होतं तर तोंडावर सांगायचंस, म्हणाली, रातोरात मशीन परत आणून कशाला ठेवलंस?

आम्ही दोघे गोल्डफील्डला गेलो. मशीन त्याच कोपऱ्यात होतं. डोक्यावर उन्हाळ्यापासूनची धूळ, कुणाचा हात न लागलेली. आर्डिथ हाताची घडी घालून उभी होती. डेल्बर्टने मागचं दार उघडलं, टॉर्च मारला, वास घेतला. पुन्हा टॉर्च मारला. मला दारातून दिसत होतं, पोरंसुद्धा ओळखतील असं अस्सल मशीन होतं ते.

"आज तरी नीट सांग," आर्डिथ म्हणाली.

त्याने मशीनच्या डोक्यावर हात ठेवला. तोंड उघडलं. मिटलं. हात काढला... पुन्हा ठेवला.

"मला कळत नाही, आर्डिथ," तो म्हणाला. "खरंच कळत नाही."

शेवटी शब्द मी दिला. अस्सल. तेच मशीन आज संग्रहालयात काचेआड आहे, खाली रॉईसचं नाव आहे. डेल्बर्टच्या जागी माझा शब्द चालला, म्हणजे मला किती आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. डेल्बर्ट घरी आला आणि स्वतःची मशीनं एकेक करून उघडून बसला. आयुष्यभर निवडून, पारखून घेतलेली. एकाचंही त्याला सांगता येईना. माझ्यासमोर रडला तो. वसंतात सगळी विकून टाकली आणि मुलाकडे निघून गेला. तिथेच वारला. ही नक्कल तेवढी कुणी घेईना, म्हणून माझ्याकडे राहिली.

असली नक्कल करायला चांगल्या कारागिराला महिने लागतात. ही एका रात्रीत झाली, गोल्डफील्ड ते हॉथॉर्न, चालत्या गाडीत.

टेसा, आता काढ घोंगडी. फिरव त्याला, पाठ आमच्याकडे कर. मागच्या दाराला बोट लाव.

चिकटतंय ना? चौदा वर्षं झाली. या वाळवंटात धुणं दोरीवर टाकता टाकता वाळतं, आणि हे वार्निश अजून वाळलेलं नाही.

आता टॉर्च जरा खाली धर. तिथे, कडेला. वार्निशात उमटलेला पंजा दिसतोय? उजवा आहे. डेल्बर्टचा नाही, माझाही नाही, आमच्या दोघांचीही बोटं पुरती होती.

पहिलं बोट बघ.