बाराशे मीटरवरचं पाणी

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी दोरी थांबली. खालच्या टोकाला, बाराशे मीटर खोल, बारा बाटल्यांची चौकट लटकत होती. वरच्या टोकाला दोरी ओढणाऱ्या विंचच्या तेलाची नळी फुटली होती आणि गरम तेल डेकभर पसरत होतं. पश्चिमेकडून वादळ येत होतं. त्याला पोचायला दोन तास आहेत, असं कप्तान म्हणत होता. गेल्या चाळीस दिवसांत कप्तानाचा एकही अंदाज खरा ठरला नव्हता.

हे जहाज इतक्या लांब आलं होतं ते समुद्रात विरघळलेलं लोखंड मोजायला. इथल्या पाण्यात नायट्रेट भरपूर, फॉस्फेट भरपूर, तरी सूक्ष्म वनस्पती वाढत नाहीत. ताट भरून वाढलंय आणि मीठच नाही, अशी गत. ते मीठ म्हणजे लोखंड. तेही किती, तर पोहण्याच्या मोठ्या तलावात एक टाचणी विरघळवावी, तेवढं. आणि ते मोजायचं कशात बसून? दोन हजार टन गंजक्या लोखंडात बसून!

म्हणून रसायनवाल्या बाईंनी मागच्या डेकवरून लोखंड हद्दपार केलं होतं. दोरी धाग्याची, कप्पी प्लॅस्टिकची, कप्पी टांगायची मोठी कमान प्लॅस्टिकने गुंडाळलेली. कोणी खिशात पाना घेऊन फिरकला, की बाई त्याला सगळ्यांदेखत परत पाठवत. खलाशी त्यांना पाठीमागे ‘सोवळं’ म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं. खलाशांच्या मताला त्यांच्या लेखी गंजाच्या पापुद्र्याइतकंही वजन नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी बाईंनी याच जागी, याच खोलीवर, नेहमीच्या सहापट लोखंड नोंदवलं होतं. तळाशी गरम झरे असावेत, असा त्यांचा दावा होता. भरसभेत त्या आकड्याचं ज्यांनी हसं केलं, ते गृहस्थ आता मोहिमेचे प्रमुख होते. बाईंच्या केसातली पिन पाण्यात पडली असेल, एवढंच ते म्हणाले होते. सभागृह खो खो हसलं. बाईंनी दुसऱ्या दिवशी केस कापून टाकले आणि तीन वर्षं अर्जांमागून अर्ज केले. आता खालच्या तीन बाटल्या त्याच खोलीवर पाणी घेऊन बंद झाल्या होत्या. त्या गेल्या, तर ती पिन जन्मभर डोक्यात राहणार होती.

प्रमुखांना पाण्यापेक्षा पाण्यासमोर उभं राहायला जास्त आवडे. उजाडताना समुद्र शांत होता, तेव्हा चाळीस मिनिटं फलक धरून फोटो काढण्यात गेली. फलक वाऱ्याने तीनदा उलटा झाला आणि तिन्ही वेळा प्रमुखांनी केस नीट केले. ती चाळीस मिनिटं असती, तर चौकट आत्तापर्यंत वर आली असती. बाईंनी हे त्यांना सांगितलं नाही. भिंतीशी बोलायची त्यांना सवय नव्हती.

“दोरी कापा,” प्रमुख म्हणाले. ते तेलापासून चार हात लांब उभे होते. “चौकट परत बनवता येते.”

“पाणी नाही येत,” बाई म्हणाल्या.

कप्तानाने वरून कळवलं, अर्धा तास देतो. नंतर त्याचा माणूस कुऱ्हाड घेऊन येईल. इंजिनातला मिस्त्री म्हणाला, नळी बदलायला पंचवीस मिनिटं. गणित बसत होतं. पण विंचचा ब्रेक सुटत होता. दर लाटेला दोरी हातभर खाली सरकत होती. दोन खलाशी ब्रेकच्या चाकात लाकडी वासा अडकवून त्यावर लोंबकळत होते आणि वासा करकरत होता.

खलाशांचा म्होरक्या, म्हणजे तांडेल, दोरीकडे बघत शांतपणे म्हणाला, “साखळीचा फास मारला तर दोरी धरून राहील.”

“मग मारा की.”

“साखळी पुढच्या डेकवर आहे, बाई. तुम्हीच पाठवलीत.”

पहिल्याच दिवशी बाईंनी मागच्या डेकवरची झाडून सगळी साखळी पुढे हलवली होती. तांडेलाने तेव्हा एक तरी राहू द्या म्हणून विनवलं होतं, आणि बाईंनी त्याला अडाण्याला समजावतात तसं समजावलं होतं.

“सोवळं राखलंत ते बरं केलंत,” तांडेल म्हणाला, “पण घरात विळीसुद्धा ठेवली नाहीत.”

दोघे निघाले. दुसरं मोकळं कोणी नव्हतं. प्रमुख मोकळे होते, पण त्यांना मोजण्यात अर्थ नव्हता. बाजूची साठ मीटरची अरुंद वाट ओली, निसरडी. डावीकडे भिंत, उजवीकडे गुडघ्याएवढा कठडा आणि त्यापलीकडे काळंनिळं, उभं राहणारं पाणी. जाताना जहाज त्यांना ढकलत होतं, येताना अडवत होतं. साखळी तीस किलोंची. अर्धी तांडेलाच्या खांद्यावर, अर्धी बाईंच्या कवेत. चाळीस दिवस ज्यांनी लोखंडाला बोट लावलं नव्हतं, त्या बाई गंजकी साखळी छातीशी धरून चालत होत्या!

निम्म्या वाटेत लाट आली. आवाज नाही, इशारा नाही. पाण्याची भिंतच कोसळली! बाईंचे पाय सुटले. साखळी सोडली असती तर दोन्ही हात कठड्याला लागले असते. त्यांनी सोडली नाही. कंबर कठड्यावर आदळली. खाली फेस. वर आकाश. पुन्हा फेस! मग कोणीतरी मानेमागचा कपडा धरून त्यांना मांजरीच्या पिल्लासारखं उचललं.

“मुडदा बसवला त्या पाण्याचा,” तांडेल म्हणाला. “चला.”

फास बसला तेव्हा वाशाचे दोन तुकडे झालेले होते. दोरी कण्हली, साखळी ताठ झाली, गंजाचे पापुद्रे उडाले. आणि दोरी थांबली! मिस्त्रीने नळी बसवली, पंचवीस नव्हे, एकतीस मिनिटांत. कुऱ्हाडवाला दाराशी येऊन उभा होता. त्याच्याकडे बाईंनी अशा नजरेने पाहिलं, की तो बूट न्याहाळत राहिला.

चौकट पाण्याबाहेर आली आणि कप्तानाच्या अंदाजाला न जुमानता वादळही आलं. पहिल्याच झोक्याला चौकट जहाजाच्या अंगावर आदळली. पाच बाटल्या फुटल्या. खोलवरच्या तिघींपैकी एक त्यांत गेली. दुसरी धडधाकट होती, पण तिसरीच्या बुडाला चीर गेली होती आणि पाणी धारेने गळत होतं. दोन्ही तशाच प्लॅस्टिकच्या भिंतींच्या स्वच्छ खोलीत ढकलण्यात आल्या.

आता पाणी काढायचं कोणी? बाईंच्या अंगावर, केसांत, नखांत गंज. त्यांच्याच नियमाने त्यांना आत जायला अर्धा तास धुवावं लागलं असतं. चिरेतलं पाणी दहा मिनिटांत संपणार होतं. तांडेल, मिस्त्री, खलाशी, सगळे तेलाने आणि गंजाने माखलेले. अख्ख्या डेकवर स्वच्छ हातांचा माणूस एकच होता, कारण सकाळपासून त्याने फलक सोडून हात कशालाच लावला नव्हता.

“मला येतं,” प्रमुख म्हणाले. “तुमच्या आधीपासून येतं.”

या माणसाने वीस वर्षांत स्वतःचा चहाचा कप विसळला नसेल, असं बाईंना वाटलं. पण त्यांनी बाजूला होऊन वाट दिली. प्रमुखांनी पांढरा पोशाख चढवला, हातमोज्यांचे दोन थर घातले आणि आत गेले. बाई बाहेरून प्लॅस्टिकला नाक लावून उभ्या राहिल्या. दोन्ही बाटल्यांतून एकेक लहान नमुना भरायचा होता. चार मिनिटं प्रमुखांची पाठ त्यांच्याकडे होती. त्या चार मिनिटांत हात दिसले नाहीत.

मळक्या हाताने पाण्यातलं लोखंड वाढतं, कमी होत नाही. कमी करायचं असेल, तर शुद्ध पाणी मिसळावं लागतं. शुद्ध पाण्याचा कॅन प्रमुखांच्या उजव्या हाताशी होता.

दोन नमुने सीलबंद होऊन बाहेर आले. चिठ्ठीवर प्रमुखांनी स्वतःची सही केली होती. बाईंनी आभार मानले नाहीत.

वादळाने वीज कमी पडली आणि स्वच्छ खोलीत गाळलेली हवा सोडणारा पंखा बंद झाला, त्यामुळे धडधाकट बाटलीत उरलेलं पाणीही बाद झालं. पंखा सुरू होईपर्यंत कोणतंही झाकण उघडायचं नाही, हा बाईंचाच नियम. दुपारी दोन वाजता बाईंनी त्यांपैकी एक नमुना साध्या खोलीत नेला आणि उघडला. त्या क्षणी तो लोखंडासाठी मेला, हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. पण भेसळ झाली का, हे कळल्याशिवाय त्यांना श्वास घेता येत नव्हता. त्यांनी खारटपणा मोजला, मग सिलिकेट हा क्षार; शुद्ध पाणी मिसळलं, तर दोन्ही उतरतात. दोनदा. दोन्ही आकडे बाराशे मीटरवर हवेत तसेच, चोख. थेंबाचीही भेसळ नव्हती.

प्रमुख दारात केव्हा येऊन उभे राहिले, ते बाईंना कळलं नाही. त्यांनी उघडं झाकण पाहिलं, कागदावरचे आकडे पाहिले. हसले नाहीत.

“दोन नमुने जुळले असते तर मला बोलायला तोंड नव्हतं,” ते म्हणाले. “एकाला कोणीही योगायोग म्हणेल. मीही म्हणेन.”

बाईंनी झाकण लावलं, नमुना मोजणीला जाणाऱ्या खोक्याबाहेर ठेवला आणि वहीत वेळ लिहिली.

उरलेला नमुना टिकावा म्हणून आम्ल घालून बंदरावर मोजणीच्या प्रयोगशाळेत ठेवला आहे. तिथे आधीच्या तीन मोहिमांचं पाणी रांगेत आहे. बाईंनी यंत्राची तारीख मागणारा अर्ज केला. त्यावर शिफारशीची सही लागते, ती प्रमुखांनी त्याच दिवशी केली. गेल्या मंगळवारपर्यंत तारीख मिळालेली नव्हती.